मेस्त्री म्हणतात, नव्या इंजिनांत दम नाही

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. वय ४९, माध्यमिक शाळेत शिक्षिका, घरात गाडी चालवणाऱ्या त्या एकट्याच. २०१३ साली घेतलेली त्यांची १.३ लिटरची डिझेल स्विफ्ट आजवर १ लाख ९० हजार किलोमीटर चालली आणि एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. आता मात्र क्लच, सस्पेन्शन, एसी असं एकेक काम निघू लागलंय, म्हणून नवी गाडी घ्यायची आहे. ऑन रोड १५ लाखांपर्यंत तयारी आहे. ही बहुधा शेवटची गाडी, त्यामुळे निदान १२ वर्षं टिकायला हवी. घर ते शाळा ४ किलोमीटर, तेवढंच परत. महिन्यातून एक-दोनदा मुलाला भेटायला पुणे. वर्षाचं रनिंग ९-१० हजार.

सल्ले चार बाजूंनी आलेत. नेहमीचे मेस्त्री म्हणतात, "नव्या इंजिनांत दम नाही. तीन सिलिंडर, टर्बो, नुसते सेन्सर. लाखाच्या आत इंजिन काम निघतं. आहे तीच ठेवा." भावजी म्हणतात, वहिनी, डिझेलच घ्या. मुलाला टर्बो पेट्रोल हवं. शोरूममधल्या मुलानं तीन लाख वाढवून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यायला सांगितलंय. त्यातच शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या दोन वर्षांच्या डिझेल एसयूव्हीत फिल्टरचा दिवा लागला आणि गाडी दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली. "मला इंजिनातलं काही कळत नाही. भरवशाचं तंत्रज्ञान कुठलं, एवढं एकच सांगा," असं त्यांनी विचारलंय. शेवटी ता. क.: "विकायचीच झाली तर गाडी मला द्या, असं मेस्त्री म्हणालेत."

ताई,

इंजिनातलं कळत नाही म्हणता, पण रोजचं अंतर, वर्षाचं रनिंग, पुण्याच्या खेपा, सगळं न विचारता लिहिलंत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत तीन गाड्यांची नावं असतात आणि "यातली कुठली?" एवढाच प्रश्न. तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ आहे ती शाळेच्या चार किलोमीटरची. गंमत म्हणजे तुम्हाला सल्ला देणाऱ्या चौघांपैकी एकानंही ती विचारात घेतलेली दिसत नाही.

आधी मेस्त्रींचं बोलणं तपासू, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय. ते ज्या गाडीची बाजू घेताहेत त्या तुमच्या स्विफ्टमध्ये काय आहे? टर्बो आहे. कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल हजार बारच्याही (एक बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब) वर दाबानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि कधी, किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. सेन्सर तर ढिगानं. ते मूळचं फियाटचं मल्टिजेट इंजिन. मारुतीनं परवाना घेऊन बनवलं, टाटांनी वापरलं, आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार व्हायचं. २००७ साली स्विफ्टमध्ये ते आलं तेव्हा जुन्या पंप-नोझलवर हात बसलेले फिटर त्याच्याकडे असंच संशयानं बघत. आज तेच इंजिन 'जुनं ते सोनं' झालंय! तुमच्या गाडीनं मेस्त्रींचं म्हणणं बारा वर्षं खोटं पाडलं, आणि तेही त्यांच्याच गॅरेजमध्ये उभं राहून.

तीन सिलिंडरचंही तसंच. १९८३ ला आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरचीच होती, ७९६ सीसीची. तिच्या भरवशाबद्दल आजही कुणी वावगं बोलत नाही. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत जरा थरथरतं हे खरं. स्टिअरिंगवर, सीटवर ते जाणवतं आणि इंजिनखालची रबरी माउंटिंग कदाचित लवकर बदलावी लागतात. पण थरथर म्हणजे झीज नव्हे.

आणि खरोखरच्या जुन्या गाड्या आठवून बघा. खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून, रेडिएटरवर पाणी ओतत उभ्या असलेल्या पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर तुम्ही लहानपणी पाहिल्या असतीलच. हेड उतरवून कार्बन काढणं, व्हॉल्व्ह घासणं, रिंग-पिस्टन टाकणं ही तेव्हा नेहमीची कामं होती, त्याला कुणी बिघाडसुद्धा म्हणत नसे. कित्येक गाड्यांचं मीटर पाच आकडीच असायचं. लाखाला पुन्हा शून्यावर. आज रस्त्यावर दिसतात त्या तेव्हाच्या टिकलेल्या मोजक्या गाड्या. भंगारात गेलेल्या दिसत नाहीत, म्हणून सगळ्याच टिकाऊ होत्या असं वाटतं.

मग मेस्त्री चुकीचं बोलताहेत का? पूर्णपणे नाही. त्यांच्याकडे येते ती बिघडलेलीच गाडी, आणि तीही वॉरंटी संपल्यावर. शेजारच्या सोसायटीत मुकाट चालणाऱ्या चाळीस गाड्या त्यांना दिसण्याचं कारण नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे: पूर्वी बिघाड वारंवार व्हायचे आणि शे-दोनशेत निघायचे, आता ते क्वचित होतात, पण झाले की बिल हजारांत नव्हे, दहा-वीस हजारांच्या पटीत येतं. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, एक्झॉस्टमधले फिल्टर यांना आता दुरुस्ती फारशी नाही, बदलणंच आहे. त्यामुळे कुठलं तंत्रज्ञान भरवशाचं, यापेक्षा असले महागडे भाग तुमच्या वापरात लवकर खराब होतील का आणि झाले तर खर्च कुणाच्या अंगावर पडेल, हे बघायला हवं. असं बघितलं की चारही सल्ल्यांचा निकाल वेगवेगळा लागतो.

भावजींच्या डिझेलपासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत सोपं आहे. तुमच्या सहकाऱ्यांची गाडी बिघडलेलीच नव्हती, असं मला खात्रीनं वाटतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो काजळी धरून ठेवतो आणि भरत आला की स्वतःच जाळून टाकतो. जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. हायवेवर ते आपसूक जमतं. शहरात जमत नाही, म्हणून कॉम्प्युटर थोडं जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतो. हे काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं एकसलग गाडी चालायला हवी. आता तुमची सकाळ बघा. गाडी चालू केली, विश्रामबागच्या सिग्नलला थांबली, फिल्टर जाळायला सुरुवात झाली, तेवढ्यात शाळेचं गेट आलं, गाडी बंद. संध्याकाळी पुन्हा तेच. काजळी तशीच राहते आणि जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून घसरत खाली ऑईलमध्ये उतरतं.

हे घरी बघता येतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑईल दोन खुणांच्या मधे हवं. ते कमी झालं की सगळे घाबरतात. पण ते वरच्या खुणेच्याही वर चढलं असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल तर ती जास्त काळजीची गोष्ट. ऑईल वाढत नसतं, त्यात इंधन मिसळत असतं. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला आणि टर्बोला धरत नाही. सहकाऱ्यांना हे जरूर सांगा. फिल्टरचा दिवा लागला की त्याच दिवशी गाडी हायवेला काढायची, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगानं अर्धा तास चालवायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं दिवा विझतो. दुर्लक्ष करून तसंच महिनाभर चालवलं तर मग सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही.

रोज जत-विट्याला जाऊन येणाऱ्याला मी आजही डोळे झाकून डिझेल सांगेन. तुमची पुण्याची खेप महिन्यातून दोनदा नक्की होत असेल तर तुमचंही निभेल, पण पावसाळ्यात किंवा परीक्षांच्या दिवसांत खेप चुकली की पंचाईत. शिवाय आता बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. ते संपू दिलं की गाडी चालूच होत नाही. तेवढं आणखी एक लक्ष. १० हजारांच्या रनिंगला ही कटकट कशाला? भावजींना सांगा, तुमचं म्हणणं २०१३ साली बरोबर होतं.

आता मुलाचं टर्बो पेट्रोल. इथे मला जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण 'टर्बो पेट्रोल' या एका नावाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे, एका बाजूला लालबुंद होण्याइतका गरम एक्झॉस्ट, आणि मधल्या दांड्याला आधार काय, तर इंजिन ऑईलचा पातळ थर. ऑईल चांगलं आणि वेळेवर बदललेलं असेल तर टर्बो गाडीइतकाच टिकतो. तुमच्या स्विफ्टचा टिकलाच आहे. जुनाट, काळं पडलेलं ऑईल असेल तर तोच पहिला जातो.

दुसरी गोष्ट डायरेक्ट इंजेक्शनची. साध्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे, तीन-चार बार दाबानं फवारलं जातं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन निघतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते २०० बार आणि त्याहून जास्त दाबानं थेट सिलिंडरमध्ये जातं. ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतं, पण व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंब लागत नाही. इंजिनातली ऑईलची वाफ तिथे बसून बसून डांबरासारखा कडक थर जमतो. छोट्या अंतरावर, थंड इंजिनानं हे लवकर होतं. मग सकाळी गाडी अडखळते, पिकअप जातो. साफ करायला मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुगा हवेच्या दाबानं मारतात. तो कार्बन काढतो आणि व्हॉल्व्हवर ओरखडा उठत नाही. हे काम नीट करणारं गॅरेज प्रत्येक गावात असेलच असं नाही. टोयोटासारख्या कंपन्या म्हणूनच काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवतात. आपल्याकडे टर्बो असूनही साधंच इंजेक्शन असलेली इंजिनं मिळतात; महिंद्राच्या १.२ लिटर टर्बोची तर दोन्ही रूपं एकाच गाडीत, वेगवेगळ्या व्हेरियंटला आहेत. तेव्हा मुलाला टर्बोच हवा असेल तर शोरूममध्ये नेमकं विचारायचं: एमपीएफआय (साधं इंजेक्शन) आहे की जीडीआय (डायरेक्ट)? उत्तर देता आलं नाही तर सर्व्हिस ॲडव्हायझरला बोलवा.

तिसरी गोष्ट चालवण्याच्या सवयीची. डिझेलवर हात बसलेली माणसं चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिन अगदी खालच्या आरपीएमला असतानाच ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावतात. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये, त्यातही डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, यानं ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनलाच तडा जाऊ शकतो. एपीआय या ऑईलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेनं २०२० मध्ये आणलेली 'एसपी' श्रेणीची ऑईलं यासाठीही तपासलेली असतात. एक गिअर खाली टाकायची सवय लावणं त्याहून स्वस्त.

आणि एक प्रश्न कुठलीही गाडी घेताना विचाराच, कारण सेल्समन तो स्वतःहून कधीच काढत नाहीत: टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायला, साखळी आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर तो ऑईलमध्ये भिजून फिरणारा आहे का? फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट इंजिन २०१२ पासून सलग तीन वर्षं आंतरराष्ट्रीय इंजिन पुरस्काराचं मानकरी होतं, आपल्याकडेही इकोस्पोर्टमध्ये मिळायचं. त्यात असा भिजका बेल्ट होता. चुकीचं किंवा जुनं ऑईल राहिलं की त्याचा भुगा होऊन ऑईल पंपाची जाळी तुंबायची. युरोपात स्टेलांटिस या प्यूजो-सिट्रोएनवाल्या कंपनीच्या १.२ प्युअरटेक इंजिनाचंही दुखणं असंच. २०२४ मध्ये कंपनीनं तिथे त्याची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. बक्षिसं मिळवणारं इंजिन बारा वर्षं टिकेलच असं काही नाही.

मोठ्या नावाचंही तेच. टोयोटाचा भरवसा जगात कुणाला सांगायला नको, तरी मे २०२४ मध्ये अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि त्यांच्याच लेक्सस ब्रँडच्या लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. टर्बो व्ही-६ इंजिन. पण दोष टर्बोचा नव्हता. कारखान्यात मशीनिंगचा कीस आत राहून गेला होता आणि तो बेअरिंगमध्ये जात होता. म्हणून माझं सरसकट मत असं आहे की कुठलंही नवं इंजिन बाजारात आल्यावर पहिली दोन वर्षं दुसऱ्यांना वापरू द्यावं. ज्यांना घाई आहे ते असतातच!

हायब्रिडबद्दल मात्र लोकांच्या मनात उगाच भीती आहे. इथे मेस्त्री कदाचित सर्वांत जास्त नाक मुरडतील. पण टोयोटाची प्रियस १९९७ ला आली, ती पद्धत जगभर टॅक्सीत घासली गेलीय. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारामध्ये त्याच घराण्यातली यंत्रणा आहे. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. गिअरबॉक्सच्या जागी दातेरी चाकांचा एक संच आणि दोन मोटरी. म्हणजे नेहमी जे भाग बिघडतात ते तिथे मुळात नाहीतच. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जाण्याची जाळी असेल तर तिच्यापुढे पिशव्या रचायच्या नाहीत, एवढं सांभाळा. फक्त 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' म्हणून विकतात ते हे नव्हे. ती गाडी नुसत्या मोटरवर चालू शकत नाही.

तेव्हा हायब्रिडला माझा नकार भरवशामुळे नाही, हिशेबामुळे आहे. पेट्रोल १०५ रुपये धरा. वर्षाला १० हजार किलोमीटर. साधी गाडी १५ चं ॲव्हरेज देईल, तर ७० हजारांचं पेट्रोल. हायब्रिड २२ चं देईल, तर ४८ हजारांचं. वाचले २२ हजार. तीन लाख वसूल व्हायला साडेतेरा वर्षं. तुम्हाला गाडी ठेवायचीय बारा. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर शहरात फिरणाऱ्याचं गणित पूर्ण उलटं येईल, त्यांनी जरूर घ्यावी. तुमच्यासाठी शोरूममधल्या मुलाचा सल्ला चांगल्या गाडीचा आहे, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचा.

राहिलं ते कुणीच न सुचवलेलं: टर्बो नसलेलं, साध्या इंजेक्शनचं, चार सिलिंडरचं १.५ लिटर पेट्रोल. मारुती, होंडा, ह्युंदाई तिघांकडेही अशी वर्षानुवर्षं चाललेली इंजिनं आहेत आणि तुमच्या बजेटच्या आसपास त्यांचे व्हेरियंट बसतात. तीन सिलिंडरचं साधं १.२ सुद्धा चालेल, पण पुण्याला जाताना चार माणसं, एसी आणि घाट असेल तर १.५ ला दम कमी लागतो. यात टर्बो नाही, हाय प्रेशर पंप नाही, काजळीचा फिल्टर नाही. तुमच्या स्विफ्टचा खालून येणारा रेटा इथे मिळणार नाही, ओव्हरटेकला गिअर टाकावा लागेल. महिनाभर चुकल्यासारखं वाटेल. माझी पसंती याला. टर्बोशिवाय मुलगा ऐकतच नसेल तर साध्या इंजेक्शनवाला टर्बो दुसरा, तोही ऑईलची शिस्त पाळायची तयारी असेल तरच.

शिस्त म्हणजे काय तेही सांगतो, कारण चार किलोमीटरचा रस्ता कुठल्याच इंजिनाला मानवत नाही. पाण्याचा काटा वर येईतो शाळा येते. ऑईल तर त्याहून उशिरा तापतं. थंड इंजिनात वाफेचं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरत राहतं. तुमची पुण्याची खेप ते उडवून लावते, म्हणून ती खेप गाडीसाठीही चांगली. पण किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला ऑईल आणि फिल्टर बदलायचंच. "मॅडम, अजून पाचच हजार झालेत, पुढच्या वर्षी बघू," असं कुणी म्हणालं तरी. आणि ग्रेड मॅन्युअलमधलाच. आजकालच्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असली पातळ ऑईलं लागतात. ड्रममधलं २०डब्ल्यू-४० "जाड आहे, इंजिनाला चांगलं" म्हणून ओतलं की व्हॉल्व्ह टायमिंगच्या बारीक वाटांत ते वेळेवर पोचत नाही. लाखाच्या आत निघालेल्या इंजिन कामांपैकी कितींमध्ये हे कारण होतं, ते मेस्त्रींनाच विचारा. माणूस प्रामाणिक असेल तर हसतील.

ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची काळजी तुमच्यासारख्या नवी गाडी घेणाऱ्यानं करू नये. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे पाइप, सील त्याला चालतील असेच आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं, ते तुमच्याच जिल्ह्यातल्या उसाच्या नावे मांडा. मे महिन्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर मधे एकदा फिरवून आणा, एवढं पुरे.

सांगलीकरांसाठी मात्र एक गोष्ट कुठल्याही तंत्रज्ञानापेक्षा महत्त्वाची. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही पाहिलाय. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघायची नाही. बटण दाबायचं नाही, "लागते का बघू" म्हणायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि धडधाकट इंजिन एका क्षणात जातं. बॅटरीची वायर काढून टो करूनच न्यायची. विमा घेताना 'इंजिन प्रोटेक्ट' जोडून घ्या. नेहमीच्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत.

वॉरंटीचं: मारुतीनं जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, इतरांचीही साधारण तेवढीच. तुमचं रनिंग कमी, म्हणजे वर्षं आधी संपणार. तेव्हा पैसे देऊन जितकी वर्षं वाढवता येते तितकी पहिल्याच दिवशी वाढवा आणि तोवर सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करून शिक्के सांभाळा. टेफ्लॉन कोटिंग, इंजिन फ्लश, ॲडिटिव्हच्या बाटल्या यांना नको म्हणा. त्यातच वाढीव वॉरंटीचे बरेचसे पैसे निघतील.

इलेक्ट्रिकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रोजचे आठ किलोमीटर आणि घरी स्वतःचं पार्किंग असेल तर एकदा चालवून बघा. पुण्याच्या वाटेवर चार्जिंगला थांबायची तयारी असेल तर या पत्रातले निम्मे प्रश्न उरत नाहीत.

आणि आहे तीच ठेवावी का? इंजिनापुरतं बोलायचं तर ठेवता येईल. दिल्लीकडचा दहा वर्षांच्या डिझेलचा नियम आपल्याकडे नाही. आरसी पंधरा वर्षांची, २०२८ पर्यंत आहे. क्लच आणि सस्पेन्शनचं काम नव्या गाडीच्या काही महिन्यांच्या हप्त्यांत होऊन जाईल. पण एक बघा: तुमच्या व्हेरियंटमध्ये एअरबॅग आणि एबीएस आहे का? तेव्हाच्या खालच्या व्हेरियंटमध्ये नसायचं. नसेल तर पुण्याच्या हायवेसाठी गाडी बदलायला तेवढं कारण पुरेसं आहे.

नवी गाडी ठरवताना टेस्ट ड्राइव्ह सकाळी पहिली मागा, इंजिन थंड असताना. दुपारी दहा जणांनी फिरवलेली तापलेली गाडी सगळ्यांनाच गुळगुळीत वाटते. टेस्ट ड्राइव्हला तुमच्या शाळेच्या रस्त्यानंच जा. मेस्त्रींनाही बरोबर न्या. त्यांचा कान चांगला असणार, नाहीतर स्विफ्ट इतकी चालली नसती.

तुमच्या ता. क. बद्दल. बारा वर्षं जिचं बॉनेट स्वतः उघडलं ती गाडी मेस्त्री मागताहेत, म्हणजे तिची हालत किती चांगली आहे याचं याहून मोठं सर्टिफिकेट नाही. त्यांना जरूर द्या, पण आधी दोन ठिकाणांहून भाव काढा आणि तो त्यांना मोकळेपणानं सांगा. ओळखीत व्यवहार झाला की "नावावर करून घेतो हळूहळू" असं होतं, ते होऊ देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत कागद दाखल झाल्याची पावती बघा, विमाही चौदा दिवसांत त्यांच्या नावे व्हायला हवा, आणि आरसीवर त्यांचं नाव चढेपर्यंत दुसरी किल्ली तुमच्याकडेच ठेवा.